पौषाचा मांड आणि उत्तरायणाचा दिवस

पौष महिना मंगलकार्यास वर्ज्य मानलेला आहे. या महिन्यात लग्नाचा मुहूर्त नाही, मुंजीचा नाही; नव्या घराची वास्तुशांतही माघावर टाकली जाते. लोक त्याला भाकड महिना म्हणतात. परंतु गोमंतकाच्या उत्तर भागात, पेडणे, डिचोली आणि सत्तरी या महालांत, याच भाकड महिन्याच्या चांदण्या रात्री जेवणखाण आटोपल्यावर वाड्यावाड्यांतून बायका घराबाहेर पडतात व मांडावर जमतात. मांड म्हणजे वाड्याने पवित्र मानलेली मोकळी जागा. बहुधा एखाद्या जुन्या घराचे शेणाने सारवलेले अंगण. तेथे बारा-बारा जणींच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफतात आणि कमरेत वाकून गात गात पुढे सरतात व मागे हटतात. हेच धालो. पहिले नमन धरित्रीला, मग ग्रामदेवतांना, मग संसारातल्या सुखदुःखांना. गाणी बहुतेक कोकणीत, काही मराठीत. लिहून ठेवलेली कोठेच नाहीत, सासूकडून सुनेकडे आलेली. गावाच्या रीतीप्रमाणे पाच, सात किंवा नऊ रात्री हा क्रम चालतो. शेवटच्या दिवशी बायका सोंगे घेतात, पुरुषांचा वेशही चढवितात, आणि खरे पुरुष त्या वेळी मांडापासून दूर राहतात.

या विधीला पुरोहित नाही, पोथी नाही, मुहूर्तही नाही. पौष लागला एवढे पुरते.

मकरसंक्रांतही याच महिन्यात येते, आणि ती योगायोगाने येत नाही. ज्या चांद्रमासात सूर्य मकर राशीत प्रवेश करतो त्याला पौष म्हणावयाचे, अशी ज्योतिषशास्त्राची व्याख्याच आहे. क्षयमासाचा विरळा अपवाद सोडल्यास संक्रांत कधी शुद्ध पक्षात येईल, कधी वद्य पक्षात. पौष सोडून ती जाणार नाही. त्या दिवशी उत्तरायण लागले असे समजून भाविक स्नान करतात, तीळ दान देतात, तिळगूळ वाटतात; सुवासिनी हळदीकुंकू करून वाण देतात. या संक्रांतीचा पुण्यकाळ संक्रमणानंतर ४० घटिका, असे काशीनाथशास्त्री उपाध्यायांच्या धर्मसिंधूत सांगितले आहे, आणि आजही पंचांगे त्या धोरणाने वेळ छापतात.

अडचण अशी की, आकाशात सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. मध्ये २४ दिवसांचे अंतर. शाळेत भूगोल शिकणाऱ्या मुलालाही हे अंतर दिसते, आणि तो घरी येऊन विचारतो की, उत्तरायण तर केव्हाच सुरू झाले, मग आज स्नान कशाचे? या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. काही सुशिक्षित म्हणतात, पंचांग चुकले, म्हणून सण चुकला, म्हणून सगळेच थोतांड. काही श्रद्धाळू म्हणतात, असले प्रश्न विचारणे हीच अश्रद्धा. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांना आपल्याच शास्त्राचा इतिहास ठाऊक नसतो. वस्तुतः हे अंतर या देशातील ज्योतिषांनी स्वतः मोजले, त्याचे नियम बांधले, आणि तरीही सण जेथे होता तेथे राहू दिला. असे का झाले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

वेदसंहितांत मेष, मकर या राशींची नावे नाहीत. संक्रांत हा शब्दही तेथे सापडणार नाही. परंतु सूर्याचे वळणे वैदिक ऋषींना पुरते माहीत होते, कारण त्यांचे वार्षिक सत्र त्या वळणावरच उभे होते. गवामयन नावाचे हे सत्र वर्षभर चाले. त्याच्या मध्यावर विषुवान् नावाचा दिवस, आणि समाप्तीच्या तोंडावर महाव्रत. ऐतरेय आरण्यकात व तांड्य ब्राह्मणात महाव्रताचे जे वर्णन आहे, ते प्रथम वाचणारा माणूस क्षणभर थबकतो, कारण यज्ञमंडपात अशा गोष्टी घडत असतील हे त्याच्या ध्यानीमनी नसते. होता झोपाळ्यावर बसून शस्त्रपठण करतो. जमिनीत खड्डा खणून त्यावर कातडे ताणले जाते आणि तो भूमिदुंदुभी म्हणून बडविला जातो. शंभर तारांचे वाद्य वाजते. एक आर्य व एक शूद्र पांढऱ्या वाटोळ्या चामड्यासाठी झोंबतात, आणि शेवटी आर्य जिंकतो; ते चामडे म्हणजे सूर्य, असे ब्राह्मणग्रंथच सांगतो. डोक्यावर पाण्याच्या घागरी घेतलेल्या दासी अग्नीभोवती फेर धरून गातात आणि पायांनी भूमीवर ताल देतात. थकलेल्या सूर्याला नवे बळ द्यावयाचा हा विधी हिवाळ्यातील अयनदिवसाचा होता, असे अनेक पंडितांचे मत आहे, व ते सयुक्तिक वाटते. झोपाळा उंच जातो तसा सूर्य वर जावा, घागरीतले पाणी सांडते तसा पाऊस यावा, एवढा त्याचा अर्थ समजावयास भाष्यकार लागत नाही.

पुढे वेदांगज्योतिषाने हा दिवस गणिताने बांधला. सूर्य व चंद्र दोघेही धनिष्ठेच्या आरंभी असताना, माघ शुद्ध प्रतिपदेस उत्तरायण सुरू होते, असे तेथे सांगितले आहे. ही स्थिती आकाशात इसवी सनापूर्वी १४०० ते १२०० या सुमारास होती, असे गणिताने निघते. म्हणजे त्या काळी उत्तरायणाचा महिना पौष नव्हता, माघ होता. याच्या खुणा आजच्या पंचांगातही आहेत, मात्र त्या खुणा म्हणून कोणी पाहात नाही. भीष्मांनी शरशय्येवर अठ्ठावन्न रात्री काढून उत्तरायणाची वाट पाहिली, आणि माघ महिना आल्यावर देह ठेवला, असे अनुशासनपर्वात आहे. भीष्माष्टमी आपण माघ शुद्ध अष्टमीस पाळतो. तिच्या आदल्या दिवशी रथसप्तमी. त्या दिवशी अंगणात रांगोळीने सूर्याचा रथ काढावयाचा, गोवऱ्यांवर दूध उतू घालवावयाचे. रथ वळल्याचा उत्सव संक्रांतीनंतर पुन्हा एकदा माघात का, याचे उत्तर वेदांगज्योतिषाच्या माघात शोधावे लागते. नवा दिवस आला म्हणून जुना दिवस कोणी पुसला नाही. त्याच्याखाली तो राहू दिला.

वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत याविषयी अगदी मोकळेपणाने लिहिले आहे. पूर्वीच्या शास्त्रांत अयने आश्लेषेच्या मध्यापासून व धनिष्ठेच्या आरंभापासून सांगितली आहेत. तसे एके काळी असलेच पाहिजे. आता ती कर्काच्या व मकराच्या आरंभी होतात. संशय असेल त्याने प्रत्यक्ष पाहून खात्री करून घ्यावी, असा त्याचा आशय आहे. पूर्वीचे ऋषी चुकले असे तो म्हणत नाही, आणि त्यांनी सांगितले म्हणून आजही तसेच असेल असेही म्हणत नाही. वराहमिहिराच्या आगेमागे, म्हणजे तिसऱ्या ते सहाव्या शतकांच्या दरम्यान, मकरसंक्रांत व सूर्याचे वळणे ही एका दिवसावर किंवा अगदी जवळच्या दिवसांवर येत होती. आज प्रमाण मानलेल्या अयनांशाप्रमाणे दोन्ही बरोबर जुळण्याचे वर्ष इसवी सन २८५ येते. संक्रांतीला उत्तरायणाचा मान मिळाला तो या काळात, आणि तेव्हा तो सर्वस्वी योग्य होता.

त्यानंतर अंतर पडत गेले. सूर्याचे वळणे ऋतूंशी बांधलेले असते, राशी ताऱ्यांशी बांधलेल्या असतात, आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू फिरत असल्यामुळे या दोहोंत सुमारे ७२ वर्षांनी एक दिवसाचा फरक पडतो. यालाच अयनचलन म्हणतात. दहाव्या शतकात मुंजालाने ते मांडले. भास्कराचार्यांनी त्याचा उल्लेख केला. कोकणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे नाव म्हणजे नांदगावचे गणेश दैवज्ञ. मुरूड-जंजिऱ्याकडील समुद्रकाठच्या या गावी त्यांनी शके १४४२ मध्ये ग्रहलाघव रचला, आणि पुढे जवळजवळ चारशे वर्षे महाराष्ट्रात व कोकणात पंचांगे या ग्रंथावरून होत असत. त्यातला अयनांशाचा नियम इतका सोपा आहे की पाठशाळेतला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तो करू शकतो: चालू शकातून ४४४ वजा करावे, उरलेल्या संख्येला साठाने भागावे, उत्तर अंशांत येते. ग्रंथरचनेच्या शकासाठीच हे करून पाहावे. १४४२ मधून ४४४ गेले, उरले ९९८. साठाने भागून १६ अंश ३८ कला. म्हणजे त्या वर्षी संक्रांत खऱ्या अयनदिवसापासून सुमारे सोळा दिवस पुढे गेली आहे, हे नांदगावच्या त्या ब्राह्मणाला स्वच्छ दिसत होते. चल संक्रांतीचा विचार धर्मनिबंधकारांनीही केलेला आहे. तेव्हा पंचांगकर्त्यांना हे ठाऊकच नव्हते, हा आक्षेप टिकत नाही.

येथे एक प्रचलित समजूत दुरुस्त करावीशी वाटते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, म्हणून ती संक्रांतीच्या दिवशी झाली, असे पुष्कळदा लिहिले जाते. तिथी पौष शुद्ध अष्टमी, हे खरे. पण त्या वर्षी संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेलेली होती. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ मध्ये मकरसंक्रांतीस झाला, आणि ती तारीख १२ जानेवारी होती, हे सर्वांस माहीत आहे. त्याच्या शंभर वर्षे आधी संक्रांत १४ तारखेस कशी असेल? आजची तारीख मागच्या शतकांवर लादण्याची ही सवय इतिहासात फार घोटाळे करते.

आता गोमंतकाकडे वळावे, कारण अयनदिवसाच्या या सरकण्याचे एक विलक्षण चित्र याच भूमीत पाहावयास मिळते. कदंबांच्या राज्यात, इसवी सन ११०० च्या आसपास, मकरसंक्रांत त्या वेळच्या रोमन तारखेने २४-२५ डिसेंबरला येत होती. दख्खनच्या त्या काळातील शिलालेखांत उत्तरायणसंक्रांतीच्या पर्वावर दिलेल्या दानांचे उल्लेख विपुल आहेत, आणि त्यांच्या तारखा काढू गेल्यास त्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पडतात. सप्तकोटीश्वराचे उपासक असलेले कदंब राजे ज्या दिवसांत उत्तरायणाचे पर्व पाळीत, त्याच दिवसांत सातासमुद्रांपलीकडे ख्रिस्ती राष्ट्रे येशूचा जन्मदिन साजरा करीत होती. एकाने दुसऱ्याचे काही घेतले नव्हते. दोघांच्याही दिवसामागे फार पूर्वी एकदा निश्चित केलेला आणि मग गोठून गेलेला एक अयनदिवस होता.

रोमन लोकांत ज्यूलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४५ पासून नवी कालगणना चालू केली, तेव्हा हिवाळ्यातील अयनाचा दिवस २५ डिसेंबर धरला गेला. रोममधील ३५४ सालच्या एका पंचांगात या तारखेपुढे अजिंक्य सूर्याचा जन्मदिन अशी नोंद आहे, आणि त्याच संग्रहातील दुसऱ्या यादीत त्याच तारखेस ख्रिस्ताच्या बेथलेहेम येथील जन्माची नोंद आहे. यावरून ख्रिस्ती लोकांनी सूर्याचा सण घेतला असे अनेक विद्वान म्हणतात. दुसरे कित्येक असे दाखवितात की, २५ मार्च हा गर्भधारणेचा दिवस मानून त्यात नऊ महिने मिळविले की हीच तारीख येते, तेव्हा उसनवारीचा प्रश्न नाही. हा वाद त्या विद्वानांनी मिटवावा. मराठी भाषेपुरते एवढे सांगता येते की, नाताळ हा आपला रोजच्या वापरातला शब्द पोर्तुगीज नताल वरून आला, नताल हा लॅटिन नातालिस वरून, आणि रोमच्या त्या पंचांगात सूर्यापुढे जन्मदिन या अर्थी लिहिलेला शब्दही हाच आहे.

अफोंसो द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा दुसऱ्यांदा व कायमचे जिंकले. त्यानंतर महिन्याने त्याच्या सैन्याने गोव्यात पहिला नाताळ केला. त्या वर्षी मकरसंक्रांत त्याच पोर्तुगीज तारखेने २८ डिसेंबरच्या सुमारास आली. जेते व जित यांचे हे दोन सण अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने झाले. आणि प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळला होता तो १२ डिसेंबरला! ज्यूलियस सीझरची कालगणनाही तोपर्यंत इतकी ढळली होती. एकाच बेटावर, एकाच पंधरवड्यात, दोन समाज आपापल्या पूर्वजांनी ठरविलेला दिवस पाळीत होते, आणि सूर्य दोघांनाही न विचारता पुढे निघून गेला होता. पुढे १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने दहा तारखा गाळून कालगणना सावरली. ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. त्यामुळे नाताळ सूर्याच्या वळणाजवळ परत गेला, आणि आपली संक्रांत नव्या तारखेने जानेवारीत दिसू लागली. आज दोहोंत जे तीन आठवड्यांचे अंतर आहे, त्याचा निम्मा भाग या एका सुधारणेचा आहे.

आपल्याकडेही सुधारणेचे प्रयत्न झाले. लोकमान्य टिळकांच्या मताप्रमाणे चालणाऱ्या पंचांगात संक्रांत १० जानेवारीस येते, आणि ते पंचांग मानणारी घराणी त्या दिवशी ती पाळतात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका चालू झाली. तिच्यात पौषाची पहिली तारीख २२ डिसेंबरला येते, म्हणजे सरकारी पौष सूर्य वळल्याबरोबर सुरू होतो. घराघरांत मात्र जुना पौष राहिला. लोकांना यात हटवादीपणाने काही धरून ठेवावयाचे होते असे नाही. धनुर्मासाचेच उदाहरण घ्यावे. उत्तरायण हा देवांचा दिवस व दक्षिणायन ही देवांची रात्र. म्हणून संक्रांतीपूर्वीचा धनुर्मास हा देवांचा उषःकाल, या भावनेने मठामंदिरांतून पहाटेच्या काळोखात पूजा होते व सूर्योदयाच्या आत नैवेद्य दाखविला जातो. खरा अयनदिवस आता या धनुर्मासातच पडतो. सूर्य वळतो त्या पहाटे देवालयात दिवा लागलेलाच असतो. फक्त त्या दिवसाला वेगळे नाव दिलेले नाही.

दिवसांच्या या हिशेबाहून वेगळा आणि अधिक कठीण प्रसंग गोमंतकातील सणांवर आला. तिसवाडी, बारदेस व साष्टी येथील देवालये सोळाव्या शतकात पाडली गेली आणि देव नदी ओलांडून गेले. दिवाडी बेटावरील सप्तकोटीश्वर मांडवीपलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे आला. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला. डिचोली, सत्तरी व पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात पोर्तुगीजांकडे गेले. १७८८ मध्ये पेडणे सावंतवाडीकरांकडून गेले, तेव्हा बाटवाबाटवीचा काळ ओसरला होता. म्हणून या उत्तर भागात मांड व जत्रा यांची परंपरा तुटली नाही. पण जेथे धर्म बदलला, तेथेही सारे पुसले गेले असे समजू नये. इन्क्विझिशनने १४ एप्रिल १७३६ रोजी काढलेल्या आज्ञापत्रात नवख्रिस्त्यांनी दारी तुळस लावू नये, लग्नात ओव्या गाऊ नयेत, एकादशीचा उपास करू नये, असे बजावले आहे. धर्मांतराला दोन शतके होत आली तरी या गोष्टी चालू होत्या, याचा याहून मोठा पुरावा तो कोणता? ख्रिस्ती गावडा समाजात धालो आजही आढळतात.

अयनदिवसाशी संबंध असलेला ख्रिस्ती सण पाहावयाचा तर शापोरा नदीच्या काठी उभे राहावे. उत्तर तीरावर पेडणे महालातील चोपडे, दक्षिण तीरावर बारदेसची शिवोली. २४ जूनला शिवोलीत सांजांव होतो. फुलापानांचे मुकुट घातलेले लोक विहिरींतून, तळ्यांतून उड्या मारतात, नव्या जावयाचे कौतुक होते, सजविलेल्या होड्या येतात. हा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा जन्मदिन. तो येशूहून सहा महिन्यांनी मोठा, म्हणून नाताळाच्या बरोबर समोरचा दिवस, उन्हाळ्यातील अयनाचा. पोर्तुगालात या रात्री होळ्या पेटवून त्यांवरून उड्या मारतात. गोव्यात आर्द्रा नक्षत्राच्या झडीत होळी कशी पेटणार? आगीची जागा भरलेल्या विहिरीने घेतली. आईच्या पोटात योहानाने आनंदाने उडी मारली, असे बायबलात आहे, त्याची ही आठवण असे भाविक सांगतात. तेही खरे मानावे. सण परक्या हवेत आला की त्या हवेचे पाणी पितो, हे त्यात दिसते. त्याच सुमारास आपल्याकडे देवशयनी एकादशी व चातुर्मासाची तयारी चालू असते. देवांची रात्र तीच, पाऊसही तोच.

आणि येथेच धालोंविषयी सावधपणे बोलावे लागते. महाव्रतात गाणाऱ्या, पायांनी भूमीवर ताल देणाऱ्या स्त्रिया, आणि पौषात मांडावर धरित्रीला नमन करून नाचणाऱ्या स्त्रिया. हे साम्य पाहून धालो म्हणजे महाव्रताचाच अवशेष, असे लिहून मोकळे व्हावेसे वाटते. संस्कृत शिकलेल्यांना हा मोह विशेष होतो. महाव्रतातील शंभर तारांच्या वाद्याचे नावही 'वाण' आहे; म्हणून संक्रांतीचे वाण तेथूनच आले, असेही कोणी जोडून देईल. ते वाण 'वायन' या शब्दापासून झालेले. वाद्याशी त्याचा काही संबंध नाही. साम्य म्हणजे उगम नव्हे. महाव्रत व मांड यांच्यामध्ये दोनअडीच हजार वर्षे आहेत आणि त्या वाटेवर साक्षीचा एकही दगड नाही.

गोमंतकाचे आकाशही दुसरेच सांगते. वेदांगज्योतिषात वर्षातील सर्वांत लहान दिवस १२ मुहूर्तांचा व सर्वांत मोठा १८ मुहूर्तांचा दिला आहे; म्हणजे दोहोंत जवळजवळ पाच तासांचा फरक. हे मान थेट उत्तरेच्या प्रदेशाचे आहे. पेडण्यात वर्षाचा सर्वांत लहान दिवसही अकरा तासांहून मोठा असतो, आणि मोठ्या दिवसाशी त्याचे अंतर दोन तासांचेसुद्धा भरत नाही. येथे सूर्य हरवल्याची भीती कोणाला वाटलीच नसेल. येथे पौष ओळखू येतो तो वेगळ्या गोष्टींनी: सरदीचे भात घरात आलेले असते, वायंगणाची लावणी झालेली किंवा होत असते, पहाटे दव पडते, रात्री आभाळ निरभ्र असते, आणि बाईमाणसाला दोन घटका उसंत मिळते. धालोंचे मूळ या मातीत शोधावे, हे अधिक बरोबर दिसते. संक्रांतीचे मूळ आकाशात आहे आणि ते उत्तरेकडून पंचांगाबरोबर आले. एक विधी पुरुषांनी गणिताने राखला, दुसरा बायकांनी गळ्याने. पौषात ते शेजारीशेजारी येऊन बसले. महाव्रत पाठशाळांच्या पोथ्यांत राहिले, त्याचे सत्र करणारे उरले नाहीत. पोथी नसलेले धालो उरले. पौषाला भाकड ठरविणाऱ्या शास्त्र्यांच्या घरच्या लेकीसुनाही रात्री मांडावर जात असतील, तर त्यात त्यांचे काही चुकले असे कोणी म्हणू नये.

आता मात्र मांडावर दुसरेच संकट आहे. तरुण माणसे पणजी-म्हापशास राहावयास गेली. कित्येक वाड्यांत दोन ओळी पुऱ्या होतील इतक्या बायकाही पौषात जमत नाहीत. पेडण्याच्या मोप पठारावरील विमानतळावर ५ जानेवारी २०२३ रोजी विमाने येऊ लागली. तो पौष शुद्ध चतुर्दशीचा दिवस होता, धालोंच्या दिवसांतला. धालोंचे कौतुक वाढले आहे, हे खरे. लोककलेच्या महोत्सवांतून ते रंगमंचावर सादर होतात, ध्वनिक्षेपकावर गाणी ऐकू येतात, प्रेक्षक टाळ्या देतात. तो महोत्सव मे महिन्यात असतो, ऑक्टोबरात असतो, सवडीप्रमाणे केव्हाही असतो. संक्रांत सतराशे वर्षांत २४ दिवस सरकली, तरी तिने पौष सोडला नाही. रंगमंचावरचे धालो दहा मिनिटांत संपतात, आणि त्या दहा मिनिटांत महिना कोणता आहे हे विचारण्याचे कोणाला कारण पडत नाही. ज्या वाड्यांत अजून मांड सारवला जातो, तेथील म्हाताऱ्या बायका मात्र चंद्र पाहून सांगतात की अमुक रात्री बसावयाचे, आणि त्या रात्री सुना लवकर जेवणे आटोपतात.